बाईट नको, बैठक हवी

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव देशभर पोचलं. मनोज जरांगे यांचं उपोषण २९ ऑगस्टला सुरू झालं होतं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि मग ओबी व्हॅन, बूम माईक, मोबाईल यांची गावात रीघ लागली. आंदोलनात कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हा या लेखाचा विषय नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्यातले किती कॅमेरे एका माणसासमोर सलग तासभर थांबले? गावातली एखादी आजी, कुणी मध्ये न तोडता, स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलली आणि ते जपून ठेवलं गेलं, असं किती वेळा झालं?

‘आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे सगळं रेकॉर्ड होतंय’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं वाटायला लागलंय. ते खरं नाही. रेकॉर्ड होतात ते तुकडे. वीस सेकंदांचा बाईट, तीस सेकंदांची रील, वर सनईचं नाहीतर रडकं संगीत, खाली पिवळ्या अक्षरांत ‘आजीचे शब्द ऐकून डोळ्यांत पाणी येईल’. आजी काय म्हणाली ते संगीतात बुडालेलं असतं. आजीचं नाव, गाव, वय, काहीच नसतं. मूळ व्हिडिओ फोनची मेमरी भरली म्हणून पुढच्या आठवड्यात डिलीट होतो.

याने काय बिघडतं? साधा हिशेब करा. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीला टेकलाय. रझाकार येणार म्हणून रातोरात गाव सोडलेली घरं जशी मराठवाड्यात आहेत, तशीच पोलिस ॲक्शननंतर जे घडलं ते सोसलेली मुसलमान घरंही आहेत. पंडित सुंदरलाल समितीने त्याची पाहणी केली होती आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. या दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी जे पाहिलं, ते बरंचसं कागदावर नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या, लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. २०१२-१३ ला जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी हातांनी झाडं तोडली. ते लोक तर अजून आपल्यासमोर चहा पितायत. आपण त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जातो तो ‘दोन शब्द बोला’ म्हणत. दोनच शब्द मागितले की दोनच मिळतात.

म्हणून माझं म्हणणं थेट आहे. तालुक्यातल्या दहा पोरांनी रील काढायच्या आधी एक मुलाखत नीट रेकॉर्ड करायला शिकावं. त्याला फिल्म स्कूल लागत नाही आणि लाखभराचा कॅमेराही लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही लग्नाच्या शूटिंगवाल्याला विचारा. धंदा मिररलेस, गिंबल आणि ड्रोनवर गेल्यापासून जुना कॅमकॉर्डर कपाटात पडून असल्याचं तो सांगेल. लग्नसराई नसताना तो भाड्याने मिळतो, ओळख निघाली तर फुकट. आणि मुलाखतीसाठी तोच चांगला. तासन् तास चालतो, मध्ये फोन वाजत नाही, दोन मीटरवरून झूम करता येतो, त्यामुळे समोरच्याच्या नाकात लेन्स घालावी लागत नाही. फोनच असेल तरी चालेल. एअरप्लेन मोड, आडवा, मागचा कॅमेरा आणि ट्रायपॉड. मात्र मे महिन्यात पत्र्याच्या घरात तो तापून मध्येच बंद पडू शकतो, हे लक्षात ठेवा.

आता कामाचं सांगतो, कारण नुसती तळमळ रेकॉर्ड होत नाही.

आवाज आधी, चित्र मागून. चित्र थोडं खराब असलं तरी माणूस मुलाखत ऐकतो, आवाज खराब असला तर कोणी मिनिटभर थांबत नाही. माईकचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो, पण पंख्याचा आवाज तेवढाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यावरच्या माईकवर विसंबू नका, कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. बायकांच्या बाबतीत पदर सरकतो आणि माईकवर घासतो, मंगळसूत्राचे मणी वाजतात, बांगड्या खणखणतात. घरातल्या सुनेला किंवा नातीला माईक लावायला सांगा आणि तो कुठे लावायचा ते तिला दाखवून ठेवा. पोराने जाऊन आजीच्या पदराला हात लावायचा नसतो, एवढं तरी कळायला हवं. मग पंखा, कूलर, फ्रीज बंद. निघताना फ्रीज पुन्हा सुरू करायची जबाबदारी तुमची. माईकची लेव्हल ऑटोवर ठेवू नका. माणूस गप्प झाला की ऑटो लेव्हल वाढते आणि त्या शांततेत मोटारपंपाची घरघर भरते. लेव्हल हाताने लावा, बोलणं उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा. हेडफोन कानाला लावल्याशिवाय लाल बटण दाबू नका.

मग उजेड. आजोबांना दारात बसवून मागे ऊन घेतलं की चेहऱ्याच्या जागी काळी सावली येते. त्यांना ओसरीवर बसवा, तोंड उजेडाकडे, भिंत पाठीमागे दूर. पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि रापलेला चेहरा एकत्र आले की ऑटो एक्स्पोजर पांढऱ्याकडे बघून सगळंच चित्र अंधारवतं. एक्स्पोजर हाताने, चेहऱ्यावर लावा. टोपी थोडी जास्त उजळली तरी चालेल, डोळे दिसले पाहिजेत. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबखाली चित्र लुकलुकतं किंवा त्यावर पट्टे फिरतात. शटर १/५० आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवलं की ते थांबतं. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर एकदा लावून लॉक करा. ऑटो फोकस माणूस हलला की चाचपडत राहतो. चेहऱ्यावर झूम करून फोकस घ्या, लॉक करा, मग फ्रेम मोकळी करा.

उंची सगळ्यात महत्त्वाची. आजोबा बाजेवर बसले असतील तर ट्रायपॉड बाजेच्या उंचीला आणा. आजी जमिनीवर बसली असेल तर तुम्हीही जमिनीवर बसा, कॅमेराही खाली घ्या. उभं राहून खाली बघत काढलेला व्हिडिओ मदतवाटपाच्या फोटोसारखा दिसतो. तुम्ही कॅमेऱ्याला खेटून बसा, म्हणजे नजर तुमच्याकडे राहील. स्क्रीन त्यांना दिसेल अशी वळवू नका. स्वतःला बघत कोणी मनातलं सांगत नाही.

सुरुवातीला रेकॉर्डिंगमध्येच बोला: आज तारीख काय, गाव कोणतं, कोण बोलतंय, कोण विचारतंय. मग परवानगी, तीही रेकॉर्डिंगमध्येच. कुठे दाखवणार, कोणाला देणार, नको असलेला भाग कापणार, हे स्पष्ट सांगा. ज्या घरात आत्महत्या झाली आहे तिथे तर हे दोनदा विचारा. आणि त्या बाईला रडायला लावायला ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ विचारायचं नाही. ‘त्या दिवशी घरात कोण कोण होतं?’ एवढंच विचारा. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. ती थांबली तर मनात दहा आकडे मोजा. महत्त्वाचं बोलणं पुष्कळदा सातव्या-आठव्या आकड्यानंतर येतं, आणि बाईटवाला तोवर माईक गुंडाळून निघालेला असतो.

यावर मला हमखास विचारतात, ‘दीड तासाचं कोण बघणार?’ आज कोणीच बघणार नाही, मान्य. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लॉग फाइल कोणी वाचत नाही. सिस्टम पडली की पहिल्यांदा तीच शोधतात, आणि तेव्हा लॉग नसेल तर काय घडलं ते सांगता येत नाही, फक्त अंदाज बांधता येतात. आपल्या इतिहासाबद्दल आपण नेमके तेच करतोय. वर त्या अंदाजांवरून एकमेकांची डोकी फोडतोय.

दुसरा आक्षेप: ‘आवाज खराब असला तरी एआय साफ करतं.’ करतं. पण जो शब्द माईकपर्यंत आलाच नाही, तो ते ओळखत नाही, तिथे अंदाज भरतं. गाण्यात चालेल. साक्षीत अंदाज भरणं म्हणजे म्हातारीच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणं. आणि तिचा हेल, तिचं अडखळणं, तिचं ‘काय सांगू बाप्पा’ हे तुम्ही कचरा म्हणून साफ केलं, तर शिल्लक काय राहिलं?

हे कोणी केलंच नाही असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारभर गावं, लाखभर ओव्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने हा संग्रह डिजिटल झाला आणि आज ‘पारी’वर ऐकता येतो. जातं घराघरातून गेलं, ओवी राहिली, कारण प्रत्येक ओवीबरोबर ती कोणी म्हटली आणि कुठल्या गावात, हे कोणीतरी लिहून ठेवलं होतं. फाळणीच्या आठवणींसाठी ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ने साध्या स्वयंसेवकांना शिकवून दहा हजारांहून जास्त मुलाखती जमवल्या. फाळणीच्या वर्षभरानंतर आपल्याकडे जे झालं त्यासाठी आपण दरवर्षी झेंडा फडकवतो, भाषणं ऐकतो आणि घरी जातो.

साठवणीचं कारण सांगू नका. २५ एमबीपीएसने तासाला सव्वाअकरा जीबी लागतात. एवढा डेटा आपण क्रिकेट बघण्यात उडवतो. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा, एक गावाबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, ती पिळून काढलेली चिपाडं. फाइलचं नाव ‘आजी फायनल नवीन’ असं देऊ नका. तारीख, गाव, नाव द्या. सोबत एका पानावर लिहून ठेवा की कितव्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे. एक प्रत पेन ड्राइव्हवर त्या घराला नेऊन द्या. बोलणं त्यांचं आहे, पहिला हक्कही त्यांचाच.

रील काढू नका असं मी म्हणत नाही. दीड तासातून तीस सेकंद काढता येतात, तीस सेकंदांतून दीड तास काढता येत नाही, एवढंच.

दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पंखा बंद करा, माईक लावा, हेडफोन घाला, आणि विचारा: ‘तुमच्या लहानपणी आपल्या घरात कोण कोण होतं?’ मग गप्प बसा.