वर्गणीवर फुललेला वसंत

ओटीटीवर काय बघायचं हे ठरेपर्यंत ताटातलं जेवण संपतं, हा आता विनोदही राहिलेला नाही. एक थ्रिलर बघितला की पुढचे दहा दिवस थ्रिलरच समोर येतात. चुकून एखाद्या मांजराच्या रीलवर बोट थांबलं की फीडभर मांजरंच. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून जे वाढलं जातं, ती काल आपण जे पाहिलं त्याचीच झेरॉक्स असते. आवडीचं भरपूर मिळतं. पण आवडू शकेल आणि अजून माहीतच नाही, असं काही सहसा हाताला लागत नाही.

याच्या बरोब्बर उलट चालणारा टीव्ही अमेरिकेत पन्नासहून जास्त वर्षं आहे. पीबीएस, म्हणजे पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. १९७० मध्ये सुरू झालेलं, तीनशेहून अधिक स्थानिक स्टेशनांचं हे जाळं. घरावर अँटेना असला की दिसतो, महिन्याचं पॅक मारावं लागत नाही. आणि या टीव्हीचा वसंत खरंच बघण्यासारखा असतो. बुधवारी रात्री पक्षी-प्राण्यांचा माहितीपट आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी रंगभूमीवरचं अख्खं संगीत नाटक, तेही एकाच वाहिनीवर. माहितीपटांची मालिका ‘नेचर’, १९८२ पासूनची. नाटक-संगीत-नृत्याची ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’, ती तर १९७२ पासूनची. दोन्हींची निर्मिती न्यूयॉर्कच्या एकाच स्टेशनात होते.

‘नेचर’ने २०१९ मध्ये एक भारी प्रयोग केला. २९ एप्रिल ते १ मे अशा सलग तीन रात्री त्यांनी देशात वसंत कसा येतो हे थेट प्रक्षेपणातून दाखवलं. कुठे कळ्या फुटतायत, कुठे स्थलांतर करणारे पक्षी परततायत, कुठे पिल्लं बाहेर येतायत. बघणाऱ्यांना नुसतं बघत बसू दिलं नाही. तुमच्या अंगणातल्या झाडाला पालवी कधी फुटली ते नोंदवा, असं सांगितलं. हवामान बदलतंय हे शास्त्रज्ञांना अशाच लाखो साध्या नोंदींवरून कळतं. टीव्हीसमोर बसलेला माणूस तीन रात्रींत निरीक्षक होतो, ही कल्पनाच किती मस्त आहे.

याच मालिकेत दाखवलेला ‘माय गार्डन ऑफ अ थाउजंड बीज’ हा माहितीपट तर आपल्या पिढीने बघायलाच हवा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मार्टिन डॉर्न हा वन्यजीव चित्रित करणारा कॅमेरामन ब्रिस्टलमधल्या आपल्या घरी अडकला. आफ्रिका नाही, अॅमेझॉन नाही. मग त्याने घरामागच्या छोट्याशा बागेत कॅमेरा लावला. त्या एवढ्याशा जागेत त्याला साठहून जास्त जातींच्या मधमाश्या सापडल्या. ‘मधमाश्या’ असं सर्च करून या फिल्मपर्यंत कितीजण पोचले असते? बुधवारी आठ वाजता टीव्ही चालू होता म्हणून ती बघितली गेली. सार्वजनिक टीव्हीची खरी ताकद इथे आहे. सर्च करायला आधी शब्द माहीत असावा लागतो. हा टीव्ही ज्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, तेही समोर आणून ठेवतो.

नाटकाचंही तेच. ब्रॉडवेच्या तिकिटाला सहज शंभर डॉलरच्या पुढे पैसे पडतात आणि त्याआधी न्यूयॉर्क गाठावं लागतं. मिसिसिपीतल्या एखाद्या गावातल्या चौदा वर्षांच्या पोराने काय करायचं? १९९१ मध्ये स्टीफन सोंडहाइमचं ‘इन्टू द वूड्स’ मूळ ब्रॉडवेच्या संचासह सार्वजनिक टीव्हीवर दाखवलं गेलं आणि ते अशा घरांत पोचलं. २०२५ च्या मे महिन्यात ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ दाखवलं गेलं. बायपोलर आजाराशी झगडणारी आई आणि तिचं घर, असा विषय. तोही गाण्यांतून. त्याच महिन्यात बॉब डिलनच्या गाण्यांवर बेतलेलं ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ही होतं. आता ‘हॅमिल्टन’चं बघा. ते नाटक कसं घडलं हे सांगणारा माहितीपट २०१६ मध्ये पीबीएसवर सगळ्यांना फुकट दिसला. प्रत्यक्ष नाटकाचं चित्रीकरण मात्र २०२० मध्ये डिस्ने प्लसवर आलं, सबस्क्रिप्शनच्या कुलपाआड.

मग हे सगळं फुकट परवडतं कसं? इथे तिकडच्या वसंताची दुसरी, जरा केविलवाणी बाजू सुरू होते. मार्च आला की स्टेशनची माणसं चालू कार्यक्रम मध्येच थांबवून कॅमेऱ्यासमोर येतात. आवडतंय ना? मग फोन उचला आणि जमेल तेवढे पैसे द्या. मागे स्वयंसेवक फोन घेत बसलेले असतात. देणगी दिली की बदल्यात कापडी पिशवी नाहीतर कॉफीचा मग. तिकडे याला ‘प्लेज ड्राइव्ह’ म्हणतात. आपल्याकडे याला अगदी चपखल शब्द आहे, वर्गणी! पावतीपुस्तक तेवढं दिसत नाही, बाकी भाव तोच. या दिवसांत ठेवणीतले कार्यक्रम बाहेर काढले जातात. ‘ले मिझराब्ल’ची मोठी मैफल हा त्यातला वर्षानुवर्षं चालत आलेला हुकमी एक्का.

वर्गणीची गोची कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा. ज्याची पावती मोठी, त्याच्या आवडीचा ऑर्केस्ट्रा! नुसत्या देणग्यांवर चालणारा टीव्हीही हळूहळू देणाऱ्यांच्या आवडीचा होऊ लागतो. जुनी गाणी आणि खात्रीचे कार्यक्रम वाढतात. आणि ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्या मिसिसिपीतल्या पोराचा विचार करायला कुणी उरत नाही. म्हणून त्या टीव्हीला सरकारी पैशाचा एक टेकू होता. १९६७ च्या कायद्याने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग ही संस्था उभी राहिली. संसदेकडून येणारे पैसे ती रेडिओ आणि टीव्हीला वाटायची. यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा थेट स्थानिक स्टेशनांना जायचा. खर्च होता दरवर्षी माणशी साधारण १.६० डॉलर. आपल्या मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा डबाही त्यात येणार नाही.

या पैशांवर गदा येण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. १ मे १९६९ रोजी मुलांच्या कार्यक्रमाचे निर्माते फ्रेड रॉजर्स सिनेटच्या समितीपुढे उभे राहिले. निक्सन सरकारला दोन कोटी डॉलरची तरतूद कापायची होती. रॉजर्स पाच-सहा मिनिटं शांतपणे बोलले. लहान मुलांच्या रागाबद्दल, भीतीबद्दल, त्या भावनांचं करायचं काय ते टीव्ही कसं शिकवू शकतो याबद्दल. कडक म्हणून ओळखले जाणारे समितीचे अध्यक्ष विरघळले आणि पैसे वाचले. पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती क्लिप एकदा तरी बघावी.

पुढे बरोबर छप्पन्न वर्षांनी, १ मे २०२५ रोजी, ट्रम्प यांनी पीबीएस आणि एनपीआर रेडिओचा सरकारी पैसा थांबवण्याचा आदेश काढला. कारण दिलं बातम्यांमधल्या पक्षपाताचं. जुलैमध्ये संसदेने पुढच्या दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर काढून घेतले. प्रतिनिधीगृहातलं मतदान २१६ विरुद्ध २१३ इतकं काठावरचं होतं. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी कॉर्पोरेशनने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये आर्कान्सा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने पीबीएसचं सदस्यत्वच सोडायचं ठरवलं. वर्षाचे साधारण २५ लाख डॉलर भरणं त्यांना झेपेना.

बातम्या एकांगी आहेत की नाहीत, यावर वाद जरूर व्हावा. सरकारी पैशावर चालणाऱ्या वृत्तविभागाला प्रश्न विचारायलाच हवेत. पण बातम्यांवरच्या रागाची शिक्षा मधमाश्यांना आणि सोंडहाइमला कशासाठी? मोठ्या शहरांतली स्टेशनं वर्गणीवर तग धरतीलही. अलास्कातलं किंवा खेड्यापाड्यातलं स्टेशन कुणाच्या दारी जाणार? तिथे दार ठोठावायला माणसंच कमी.

‘यूट्यूबवर सगळं फुकट आहे की’, असं कुणी म्हणेल. आहे ना. पण तिथे कुणीतरी आधी ती फिल्म बनवावी लागते. एका पक्ष्याच्या घरट्यापाशी महिनोन् महिने थांबायचं तर त्या काळातलं भाडं आणि पगार कुणीतरी द्यावा लागतो. नाटक पाच-सहा कॅमेऱ्यांनी नीट चित्रित करायचं तर कलाकारांचे हक्क विकत घ्यावे लागतात. व्ह्यूज मोजून हा हिशेब बसत नाही. ब्रिटनने त्यावर वेगळा उपाय काढला. तिथे टीव्ही बघणाऱ्या घराला लायसन्स फी भरावी लागते, एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली होती. महागच आहे, त्यावर कुरकुरही भरपूर होते. पण त्याच पैशांतून बीबीसी २००५ पासून ‘स्प्रिंगवॉच’ करते आणि लोक घरट्यातल्या पिल्लांचं भवितव्य मॅचच्या स्कोअरसारखं फॉलो करतात.

हे सगळं वाचताना आपलं काय, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. संगीत नाटक आपल्याला ब्रॉडवेने शिकवलेलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ चं. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला तोही मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला. आणि हे सगळं फोटोफ्रेममध्ये गेलंय असंही नाही. प्राजक्त देशमुखच्या ‘संगीत देवबाभळी’ला आपल्याच वयाच्या पोरांनी गर्दी केली. निसर्गाचं म्हणाल तर फाल्गुनात पळस पेटतो, काटेसावर आणि पांगारा फुलतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो असतात. पीबीएसला हेवा वाटावा असा मसाला घरात पडलाय.

आणि टीव्हीही आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावं आई-बाबांसमोर काढून बघा, अर्धा तास थांबत नाहीत. १९९० च्या प्रसार भारती कायद्यात पर्यावरण, विज्ञान, शेती यांकडे विशेष लक्ष द्यावं आणि प्रादेशिक संस्कृती व भाषांना पुरेसं स्थान द्यावं, असं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या मुहूर्तावर प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा ओटीटीही आणला. म्हणजे कायदा आहे, वाहिनी आहे, अॅप आहे. पण यंदाच्या वसंतात सह्याद्रीवर बघण्यासारखं काय आहे, हे आपल्या ग्रुपमधल्या कितीजणांना सांगता येईल?

मला वाटतं, गरज आहे ती एका हंगामाची. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत सह्याद्रीचा स्वतःचा वसंत. पहिल्या रविवारी पहाटे वेळासहून थेट प्रक्षेपण. पिल्लं किती वाजता बाहेर येतील याची गॅरंटी नाही, म्हणूनच ते थेट हवं. दर बुधवारी एक निसर्गपट, आणि तो बनवायचं काम महाराष्ट्रातल्या फिल्म शिकणाऱ्या पोरांना द्या. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात सामान्य लोक आणि शाळकरी मुलं झाडांच्या पालवीच्या, फुलांच्या नोंदी करतात. त्यांच्यासोबत जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांना ऑन एअर आणा. शुक्रवारी रात्री एक संगीत नाटक, एखादं तियात्र, एखादी झाडीपट्टीची रात्र, नीट चित्रित केलेली आणि हक्कांचे पैसे चुकते केलेली. गडचिरोलीतल्या मुलीला गोव्यातलं तियात्र आणि पणजीतल्या मुलाला झाडीपट्टी, दोघांनीही न मागता.

कुणी म्हणेल, एवढं कोण बघणार? पण न मागितलेलं आवडतं, हे आपण लॉकडाउनमध्ये ‘रामायण’ पुन्हा लागलं तेव्हा बघितलंय. त्यात जुन्या आठवणींचा वाटा मोठा होता, कबूल. पण घरातली सगळी माणसं एका वेळी एका पडद्यासमोर बसू शकतात हेही तेव्हाच दिसलं. आपल्या पिढीसाठी ती नवीनच गोष्ट होती.

अमेरिकेतल्या त्या स्टेशनांवर आता फक्त वर्गणीच्या भरवशावर वसंत फुलवायची वेळ आलीय. आपली वर्गणी करातून आपोआप कापली जाते, दरवर्षी, न चुकता. मंडळाची पोरं दारात पावतीपुस्तक घेऊन आली की आपण पैसे काढता काढता हमखास विचारतो, ‘यंदा कार्यक्रम काय?’ हाच प्रश्न सह्याद्रीला विचारायला हरकत काय आहे? एक मेल, एक पत्र, नाहीतर त्यांना टॅग करून एक पोस्ट. या पाडव्याच्या आत पाठवूया.