नोटीस लागली, पण कळली का?

आज जरा माझ्याच कामावर बोलतो. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत टाईम ऑफिसला आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

मध्यंतरी आमच्या बोर्डावर अर्धं पान इंग्रजी नोटीस लागली. सगळ्याचा मतलब एवढाच, की एक तारखेपासून सेकंड शिफ्टची बस न्हावऱ्यापर्यंतच, पुढं मांडवगणला येणार नाही. पण हे होतं पार शेवटून दुसऱ्या ओळीत. चार दिवस सगळे तिच्या शेजारी पंचिंग करून जात होते. एक तारखेला रात्री ड्रायव्हरने न्हावऱ्यात गाडी वळवली आणि आपल्या गावची तीन पोरं रस्त्यावर उभी राहिली. घरचे मोटारसायकली घेऊन निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस. बिबट्याचं आपल्याकडं काय चाललंय ते मी वेगळं सांगायला नको.

ती नोटीस मीच टाईप केली होती. स्पेलिंग तपासलं, साहेबांची सही घेतली. वाचणाऱ्याला कळेल का, हे डोक्यातच आलं नाही.

आणि गावाच्या ग्रुपवर बघा. "अमक्या वस्तीजवळ बिबट्या दिसलाय, अंधारात एकटं बाहेर पडू नका." दोन ओळी. म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना कळतं, कारण लिहिणाऱ्याला खरंच काळजी असते.

ही काही नवी मागणी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ मध्येच लिहिलं होतं: नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हवी, दाराजवळ सहज दिसेल अशी. पण नुसतं मराठी करूनही भागत नाही. "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते" म्हटल्यावर कोण पुढं वाचतंय? कधी कधी तर वाटतं, वाईट बातमी असली की मुद्दामच असं लिहितात. ओव्हरटाईम बंद झाला हे सरळ लिहिलं तर माणूस विचारायला येईल ना!

परवा बसची वेळ बदलली. मी लिहिलं: "सोमवारपासून सकाळची बस पावणेसहाला सुटेल, सहाला नाही. अडचण असेल तर टाईम ऑफिसला भेटा." खाली तेच हिंदीत, कारण ठेकेदाराची निम्मी पोरं बिहारची. लावायच्या आधी झाडू मारणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं.

साहेब म्हणाले, "एवढंच? ऑफिशियल वाटत नाही."

म्हटलं, खाली शिक्का मारतो की.