कॅन्सरच्या पेटंटवर निकाल लवकर हवा, मक्तेदारी नको

कॅन्सरवरील उपचारांच्या पेटंट अर्जांना रांगेत पुढे घ्यावे का, या प्रश्नावर दोन ठाम मते ऐकू येतात. एक मत असे की पेटंट जितके लवकर, तितके औषध लवकर. म्हणून मधले सगळे अडथळे काढून टाका. दुसरे मत नेमके उलटे: पेटंट म्हणजे मक्तेदारी, ते जितके रखडेल तितके रुग्णाचे भले. दोन्ही मते रुग्णाच्या नावाने मांडली जातात आणि दोन्हींत रुग्णाचे नुकसान आहे. अर्जावरचा निकाल लवकर लागलाच पाहिजे, मग तो होकाराचा असो की नकाराचा. आणि ज्याला लवकर निकाल हवा, त्याने समाजाच्या अटी पाळल्या पाहिजेत, हे माझे प्रतिपादन आहे.

नगरच्या सावेडीत बसून या विषयावर लिहिण्याला कारण आहे. इथल्या माणसाचे निदान नगरमध्ये होते, पण पुढच्या उपचारांसाठी अनेकांना तारकपूर बसस्थानकावरून पुण्याची, संभाजीनगरची किंवा परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उचलते. घर कोसळते ते डॉक्टरांनी योजनेच्या यादीत नसलेले नवे औषध लिहून दिल्यावर. त्या औषधाची किंमत ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतली एक मोठी गोष्ट पेटंट आहे. महाराष्ट्रातले पेटंट अर्ज ज्या कार्यालयात दाखल होतात, ते मुंबईत अँटॉप हिलला आहे. तिथल्या फायलीचा वेग हा सावेडीतल्या घराच्याही हिशेबाचा विषय आहे.

आता पहिल्या मताकडे वळू. त्याचे समर्थक अमेरिकेचा दाखला देतात. तिथल्या पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये कॅन्सरवरील इम्युनोथेरपीच्या अर्जांसाठी जादा शुल्क न घेता जलद तपासणी सुरू केली. अर्जाला विशेष दर्जा मिळाल्यापासून १२ महिन्यांत निर्णय द्यायचा, हे उद्दिष्ट होते. २०२३ मध्ये त्या योजनेची जागा अधिक व्यापक योजनेने घेतली. हे उदाहरण घेण्याजोगे आहे. पण त्यावरून ‘पेटंट लवकर म्हणजे औषध लवकर’ असा निष्कर्ष निघत नाही. पेटंट हा इतरांना अडवण्याचा हक्क आहे. औषध विकण्याची परवानगी औषध नियंत्रक वेगळी देतो. सातबारा नावावर झाला म्हणून पीक घरात येत नाही.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून उभी केलेली ‘नेक्सकार-१९’ ही देशी कार-टी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्या कॅन्सरशी लढवण्याची पद्धत. पहिल्या रुग्णाला टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात ती जून २०२१ मध्ये दिली गेली, औषध नियंत्रकांची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. मधली वर्षे रुग्णांवरच्या चाचण्या, निर्मिती आणि मान्यता यांत गेली. परदेशात कोट्यवधींना पडणारा उपचार इथे लाखांच्या घरात आला, तो सार्वजनिक पैसा आणि देशी निर्मिती यांमुळे.

दुसरे उदाहरण ‘नेक्साव्हार’चे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या या औषधाचे भारतीय पेटंट बायर कंपनीला मार्च २००८ मध्ये मिळाले. महिन्याच्या गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. पेटंट मिळून तीन वर्षे उलटली, तरी औषध गरजूंपैकी जेमतेम २ टक्क्यांपर्यंत पोचत होते. अखेर ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते औषध बनवण्याची मुभा, दिला आणि महिन्याचा खर्च ८,८८० रुपयांवर आणला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. पेटंट होते तेव्हा औषध नव्हते. कायद्यातले संरक्षण वापरले तेव्हा ते आले. म्हणून अडथळे काढून टाकण्याच्या नावाखाली ही संरक्षणेच काढू पाहणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही.

दुसरे मत अधिक सहानुभूतीचे वाटते, आणि त्यामुळे ते अधिक काळजीपूर्वक खोडले पाहिजे. ‘ग्लिव्हेक’ या रक्ताच्या कॅन्सरवरील औषधाचा अर्ज नोव्हार्टिसने १९९८ मध्ये केला. औषधांच्या पेटंटचे असे अर्ज २००५ पर्यंत उघडायचेच नाहीत, अशी तेव्हाची व्यवस्था होती. त्या प्रतीक्षेतच कंपनीला २००३ मध्ये एकाधिकार विक्रीहक्क मिळाला आणि न्यायालयाच्या मनाई हुकमाने काही देशी उत्पादकांना थांबावे लागले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर देशी औषधाचा सुमारे ८,००० ते १०,०००. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि तो हक्कही संपला. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी अखेरचा निकाल दिला. अर्जापासून निकालापर्यंत १५ वर्षे. या काळात रखडण्याने रुग्णाचे भले झाले नाही. भले झाले ते नकाराने.

एकाधिकार विक्रीहक्काची तरतूद आता रद्द झाली आहे, मग आज रखडण्यात काय बिघडते, असे कोणी विचारील. दोन गोष्टी बिघडतात. अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनचे हक्क पेटंट मिळाल्यावर मागाहून वसूल करता येतात. त्यामुळे अर्ज लोंबकळत असताना देशी उत्पादक कारखान्यात पैसा घालताना कचरतो. आणि सक्तीच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षे जावी लागतात. पेटंटची मुदत मात्र अर्जापासून २० वर्षे मोजली जाते. म्हणजे निर्णय जितका लांबेल, तितके रुग्णाच्या हातातले हत्यारही उशिराच चालते.

क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाचे प्रकरणही हेच सांगते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी पेटंट लांबवण्याच्या अर्जाला २०१९ मध्ये हरकत घेतली. मुंबई पेटंट कार्यालयाने तो अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला. न्याय मिळाला, पण चार वर्षांनी. हरकत घेणाऱ्यालाही लवकर निकाल हवा असतो.

तिसरा आक्षेप घाईचा: तपासणी जलद केली तर ती कच्ची होईल, जुन्याच रेणूला नवे रूप देऊन मागितलेली पेटंटे निसटतील. भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. अर्जाची वर्षे जातात ती मुख्यतः रांगेत. रांगेतला वेळ कापायचा, तपासनिसाचा नाही. कलम ३(डी) प्रमाणे जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पेटंट नाही. ही कसोटी जलद रांगेतही तसूभर सैल होता कामा नये. त्यासाठी जैवतंत्रज्ञान आणि औषधशास्त्र जाणणारे तपासनीस वाढवावे लागतील, आणि तो खर्च सरकारने करायला हवा.

आता मंडन. भारतात जलद तपासणी २०१६ पासून आहे. पण नियम २४-सी मुख्यतः अर्जदार कोण हे पाहतो: स्टार्टअप, आणि २०१९ पासून लघुउद्योग, महिला, सरकारी संस्था. शोध कोणत्या रोगावर आहे, याला तिथे स्थान नाही. मात्र त्याच नियमात एक दार उघडे आहे. केंद्राच्या एखाद्या विभागप्रमुखाने विनंती केली, तर लोकांच्या सूचना मागवून केंद्र सरकार एखादे क्षेत्र जलद तपासणीसाठी अधिसूचित करू शकते. कॅन्सर उपचारांसाठी ते दार उघडावे. कायदा बदलण्याची गरज नाही.

पण अटींसह. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, ही हरकतीची मुदत तशीच राहावी. २०२४ च्या नियमबदलाने हरकतीवर लावलेले शुल्क रुग्णांना आणि त्यांच्या संघटनांना माफ व्हावे. आणि हरकतीचा निकालही ठरलेल्या मुदतीत लागावा. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का, याचे विवरण आता तीन वर्षांतून एकदा द्यायचे असते. जलद रांगेतल्याने ते दरवर्षी द्यावे आणि त्यात किती रुग्णांना, किती किमतीला औषध मिळाले हे लिहावे. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा परवाना देताना परवडणाऱ्या किमतीची अट आधीच घालावी.

अशा अटींनी कंपन्या पळून जातील, हा शेवटचा आक्षेप. जलद रांग कोणावर लादलेली नाही. अटी नको असतील त्याने नेहमीच्या रांगेत उभे राहावे. रुग्णाच्या नावाने सवलत मागणाऱ्याने रुग्णाला हिशेब देण्यास नकार द्यावा, हे मात्र चालणार नाही.

नगर जिल्ह्याचे दोन खासदार लोकसभेत बसतात. त्यांनी आरोग्य मंत्रालयाकडे ही विनंती करण्याचा आग्रह धरावा. इथल्या डॉक्टरांनी, औषध विक्रेत्यांच्या संघटनेने आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी त्यांना तसे लेखी कळवावे आणि केंद्राने सूचना मागवल्या की आपले म्हणणे जरूर पाठवावे. कंपन्या आपली बाजू मांडतीलच. रुग्णांची बाजू आपण मांडली नाही, तर ती त्या कागदांत कुठेही असणार नाही.