मज्जारोपणानंतरची सर्दी साधी समजू नका

मूल, सावली, सिंदेवाही हा धानाचा मुलूख. मळणी आटोपली की घराशेजारी तणसाचा ढीग, मागे शेणखताचा खड्डा आणि हवेत बारीक धूळ. ती तुमच्या-आमच्या नाकात रोजच जाते. दोन शिंका आल्या की आपण पुन्हा कामाला लागतो. पण घरात मज्जारोपण झालेले लेकरू असेल, तर गोष्ट वेगळी.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजार अनेक घरांना ठाऊक आहे. तो मुळापासून घालवण्याचा एक मार्ग म्हणजे मज्जारोपण. भारतात रक्ताच्या कर्करोगासाठी पहिले मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. हाडांतील मज्जा ही रक्ताची जणू पऱ्हे टाकण्याची जागा. औषधांनी जुनी मज्जा काढून तिथे जुळणाऱ्या भावंडाच्या मूळपेशी रुजवतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. पुढेही नव्या पेशी आणि शरीर यांचे भांडण होऊ नये म्हणून औषधे चालू असतात. त्यामुळे प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला वर्ष किंवा अधिक काळ जातो.

नाकाशेजारी, गालांत आणि कपाळाच्या हाडांत पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. तणस, खत, ओल्या भिंती यांवरच्या बुरशीचे कण श्वासातून तिथे पोचतात. निरोगी शरीर ते संपवते. या रुग्णात मात्र बुरशी रुजते आणि हाड पोखरत डोळ्याकडे, मेंदूकडे सरकू शकते. २०२१ साली करोनानंतर आलेली काळी बुरशी तुम्हाला आठवत असेल. तीही याच वाटेने शिरत होती.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पांढऱ्या पेशी कमी असल्या की पू आणि सूजही कमी दिसते. म्हणून 'शेंबूड नाही, म्हणजे काही नाही' असे समजू नका. ताप १००.४ अंश किंवा जास्त, एकाच बाजूचे नाक बंद, गाल दुखणे वा बधिर होणे, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नाकातून रक्त, नाकात वा टाळूवर काळा डाग, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रोपण केलेल्या रुग्णालयाला फोन करा. बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. डॉक्टर दुर्बिणीने नाक तपासतात, स्कॅन काढतात. बुरशी निघाली तर शिरेतून औषध देतात आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने जागा साफ करतात. लवकर गेलात तर लेकरू वाचण्याची आशा जास्त.

तणस आणि खत घरापासून दूर ठेवा. मळणीच्या वेळी लेकराला खळ्यावर नेऊ नका. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. नाकात तेल, पाल्याचा रस काही सोडू नका.

आणि बाईंनो, रुग्णालयाचा फोन नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरावर ठळक लिहून ठेवा. रात्री शोधाशोध नको.