आडनांव आणि आजीचें माहेर

प्रत्येकास पणजोबा-पणज्या मिळून आठ असतात. आपलें आडनांव त्यांपैकीं एकाचेंच असतें. उरलेल्या सातांचा माग कसा लागावा, ह्याविषयीं चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

आडनांव निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. कंधार सोडून जो परगांवीं गेला, तो तेथें कंधारकर झाला. गांवांतच राहणाऱ्यास गांवाच्या नांवानें कोण ओळखणार? म्हणून ‘कर’ हा प्रत्यय घराणें कोठून निघालें, हें सांगतो. कोंकणांतील बेने इस्रायल लोकांचा धर्म यहुदी. तरी त्यांच्यांतहि पेणकर आहेत. पाटील, कुलकर्णी हीं नांवें हुद्द्यांवरून पडलीं. पाटीलकीचें वतन १९६२ च्या कायद्यानें गेलें, नांव मात्र राहिलें. म्हणून दोन पाटील एकाच कुळांतले असतीलच असें नाहीं. वसईचा प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तेथील ख्रिस्ती कुटुंबांस पोर्तुगीज आडनांवें मिळालीं, परंतु भाषा मराठीच राहिली. त्यांच्यांतीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिवास, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

परंतु आडनांवाची वाट बापाकडून बापाकडेच जाते. लग्न होतांच मुलीचें आडनांव जातें, वडिलांच्या नांवाच्या जागीं पतीचें येतें, आणि कित्येक घरीं ताटांतील तांदुळांत नवें नांव लिहून तिचें स्वतःचें नांवहि बदलतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहून आपली हकीकत सांगितली. ज्या असंख्य बायांनीं कांहीं लिहिलें नाहीं, त्यांचें माहेर कोणीं सांगावें?

ही अडचण अटळ नाहीं, हें कानडा देशाच्या केबेक प्रांतावरून दिसतें. १६६५ सालीं तेथें फ्रान्सची एक पलटण उतरली. शिपायांस टोपणनांवें असत. पुढें कित्येक कुटुंबांत मूळ आडनांव व टोपणनांव हीं दोन्ही चालूं राहिलीं, आणि एकाच घराण्याचे वंशज वेगवेगळ्या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. पुरुषांचा माग काढणें त्यामुळें अवघड झालें. परंतु चर्चच्या नोंदवह्यांत स्त्रीची नोंद विवाहानंतरहि माहेरच्या आडनांवानें होत असे. त्यामुळें आईकडील घराणेंहि तेथें पिढ्यान्‌पिढ्या शोधितां येतें.

आपल्याकडेहि आतां आरंभ झाला आहे. १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव शासकीय कागदपत्रांत लिहितांना मुलाच्या नांवापुढें आईचें, मग वडिलांचें, शेवटीं आडनांव, असा क्रम महाराष्ट्र शासनानें ठरविला आहे. हें योग्यच झालें. तथापि ह्यानें भावी पिढ्यांची सोय होईल. मागील पिढ्यांची नोंद आपणच केली पाहिजे.

कोणी म्हणेल, पूर्वज उकरल्यानें कुळाचा वृथा अभिमान वाढेल. आम्हांस उलट वाटतें. जो एकाच आडनांवाकडे पाहतो, त्यास आपलें कुळ स्वयंभू वाटतें. जो आठांचीं नांवें लिहूं लागतो, त्यास आपण किती घरांचे व किती गांवांचे ऋणी आहों, हें कळूं लागतें.

म्हणून ह्या सुटींत एक कोरी वही घ्या. आजीजवळ बसून तिचें लग्नापूर्वींचें नांव, तिच्या आईवडिलांचीं नांवें, माहेरचें गांव व आडनांव विचारा, आणि ती सांगेल तसें लिहा. पालकांस विनंति इतकीच कीं, ‘अभ्यास सोडून हें काय मांडलें आहे?’ असें म्हणून मुलांस उठवूं नये. हाहि इतिहासाचाच अभ्यास आहे. आणि ह्याचें पुस्तक बाजारांत विकत मिळत नाहीं.