आधी रक्ताचा नमुना, मग स्टिरॉइड

डोळा हलवला की दुखतो, नजर चार दिवसांत अंधुक झाली, अशी तक्रार घेऊन तिशी-पस्तिशीतला रुग्ण कळवण-सुरगाण्याहून नाशिकला पोहोचतो, तेव्हा त्याच्या पिशवीत पुष्कळदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट असते. गोळ्यांनी नजर सुधारली, गोळ्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत दुसरा डोळा गेला. ही हकिकत ऐकली की मॉग (मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन) अँटिबॉडीचा आजार मनात यायलाच हवा.

असेच झटके देणाऱ्या एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) या आजाराची ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडी 2004 मध्ये सापडली. तोवर अशा कितीतरी रुग्णांच्या फाइलवर एमएसचाच (मल्टिपल स्क्लेरोसिस) शिक्का बसत असे. मॉगच्या आजाराचे आंतरराष्ट्रीय निकष तर 2023चे. फरक नावापुरता नाही. एमएससाठी दिलेले इंटरफेरॉन-बीटा किंवा फिंगोलिमॉड ॲक्वापोरिनच्या रुग्णाला आणखी आजारी पाडू शकते.

नेत्रतज्ज्ञांनी बाटलीचे लाल झाकण दोन्ही डोळ्यांना आलटून-पालटून दाखवावे, आणि तिथेच विचारावे: लघवी अडते का? कमरेखाली मुंग्या येतात का? पाय जड झालेल्या माणसाचा फक्त कमरेचा एमआरआय होतो, दोष छातीच्या पातळीवर मज्जारज्जूत असतो आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. पूर्ण मणक्याचा, कॉन्ट्रास्टसह मागवा. दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि ओकाऱ्या घेऊन आलेल्या बाईची एंडोस्कोपी निर्दोष निघाली, तर ॲक्वापोरिनचा विचार करा.

शक्य असेल तिथे स्टिरॉइडच्या आधी, आणि प्लाझ्मा एक्स्चेंजच्या आधी तर नक्कीच, सीरम काढून ठेवावे. अहवालासाठी उपचार मात्र एक दिवसही अडवू नयेत. चाचणी पेशी-आधारित पद्धतीचीच हवी. एलायझावर विसंबू नये. आणि सरसकट प्रत्येकाची मॉग चाचणी करू नये. कमी टायटरचा पॉझिटिव्ह एमएसमध्येही दिसतो. डोळ्याच्या मज्जातंतूचा, मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा अनुरूप झटका आणि त्याला जुळणारा एमआरआय नसेल, तर त्या आकड्यावर निदान उभे राहत नाही. आपल्याकडे क्षय आणि बी-12ची कमतरता आधी तपासायची असते, हे वेगळे सांगायला नको.

शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दिल्यावर मॉगचा रुग्ण झपाट्याने सुधारतो. धोका इथेच आहे. दिसायला लागले की द्राक्षाच्या हंगामात माणूस बागेत परततो आणि पुढच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सोडतो. गोळ्या आठवड्याआठवड्याने उतरवायच्या आहेत, हे त्याला आणि घरच्यांना बसवून सांगावे लागते. चिठ्ठीवर तारखांनिशी लिहून द्यावे. गावातल्या डॉक्टरांना फोन करावा. पुन्हा झटका आला आणि रितुक्सिमॅबसारखे औषध द्यायची वेळ आली, तर क्षय व हिपॅटायटिस-बी पाहिल्याशिवाय सुरुवात नको.

मंगळूरला डॉ. लेखा पंडित यांनी अशा आजारांची नोंदवही चालवली, पेशी-आधारित चाचणी तिथेच उभी केली. म्हणून किनारपट्टीच्या कर्नाटकातल्या रुग्णांविषयी आज नेमके काही सांगता येते. 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात आहे. शहरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, नेत्रतज्ज्ञ आहेत. जिल्ह्याची एक सामायिक नोंदवही आपण सुरू करावी: वय, तालुका, पहिला झटका, नमुना स्टिरॉइडच्या आधी की नंतर, टायटर, सहा महिन्यांनंतरची नजर. इतक्या रकान्यांवर काम सुरू होऊ शकते.