ग्रंथाची तारीख

ज्ञानदान म्हणून शाळेला ग्रंथ भेट देण्याची प्रथा आपल्याकडे आहे. तथापि ग्रंथ निवडताना मुखपृष्ठ आणि सवलत यांपलीकडे आपली दृष्टी क्वचितच जाते. कर्जाचे कागद तपासताना आम्ही प्रथम तारीख पाहत असू, ग्रंथाचीही पाहावी. पुनर्मुद्रण निराळे आणि सुधारित आवृत्ती निराळी, हेही ध्यानी असावे.

आपल्याच भागाचे पाहा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या ग्रंथातील ‘चंद्रपूर जिल्ह्याचे’ वनक्षेत्र म्हणजे आजच्या दोन्ही जिल्ह्यांची बेरीज होय. एखादा विद्यार्थी तो आकडा आजच्या चंद्रपूरशी ताडून पाहील, तर निम्म्याहून अधिक जंगल तुटले, असाच निष्कर्ष काढील! वनहक्क कायदा २००६ चा, परंतु त्याचे नियम २०१२ मध्ये सुधारले गेले. शिक्षकांसाठी त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी. वाणिज्य शाखेसाठी जुलै २०१७ पूर्वीचे अप्रत्यक्ष करांचे पाठ्यपुस्तक तर फुकट मिळाले तरी नको.

तारखेनंतरचा प्रश्न असा, की लेखकाला हे कळले कोठून? डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ आदिवासी स्त्रियांकडून ऐकलेल्या वृक्षज्ञानावर उभे आहे. ते वर्षागणिक शिळे होत नाही. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेची वाटचाल सांगते. सामान्य वाचकाने कायद्याच्या पुस्तकाआधी हे वाचावे. कलमे मग पुष्कळ सोपी वाटतात.